गळतीचा रकाना

चार नंबरच्या दरवाज्याचं रबर फाटलेलं,
सात वर्षांपासून.
मनगटाएवढी धार पडायची खाली, दिवसरात्र,
दगडावर आपटून फुटायची
आणि पुढे जाऊन नदी म्हणवून घ्यायची.

मी दरवाजे सांभाळतो. सकाळी सहाला
गेज वाचतो, रजिस्टर भरतो.
रकाने आखूनच येतात जिल्ह्यावरून:
पिणे. सिंचन. कारखाना. बाष्पीभवन.
उन्हाला रकाना आहे.
मे महिन्यात ऊन जेवढं पिऊन जातं
तेवढं मी इमानदारीनं त्याच्या नावावर मांडतो.
नदीच्या नावावर काही नाही.
शेवटचा रकाना गळतीचा,
तिची सारी कमाई तिथे,
चोरीच्या मालासारखी.

खाली दीड कोसावर कोंढीचा डोह.
बाकी पात्रात बेशरमाची झुडपं,
रेतीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या.
डोहात मात्र मरळ अजून पिल्लं घेऊन फिरते,
लाल पिल्लांचा पुंजका, कुंकू सांडल्यासारखा,
आणि आई खालून पहारा करते.
मला हे तुळसाबाई मारबतेनं दाखवलं.
ढिवराची बाई, जाळं खांद्यावर,
पण त्या दिवसांत डोहात टाकत नाही.
"लेकुरवाळी हाय ते," म्हणाली,
"तिले कायले धराचं?"

यंदा पाणी तळाला गेलं.
पत्र आलं: गळती शून्य करावी.
पत्रात चूक काहीच नव्हती.
शहरात माझी पोरगी राहते, रंजू,
चौथ्या माळ्यावर, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू,
नळ येतो पहाटे चारला, पाऊण तास, एक दिवस सोडून.
आणि कालव्यावरच्या गावांनी उन्हाळी धान सोडलं,
हेही लिहिलं पाहिजे. बांध्या भेगाळल्या,
कोणी मोर्चा नाही काढला.

गुरुवारी मेकॅनिक आला, हसरा पोरगा,
दुपारपर्यंत नवं रबर बसवलं, चहा प्याला.
"आता मुंगीलेबी नाही भेटत खाली पाणी," म्हणाला,
आपल्याच कामावर खूश.
आणि एकदम एवढी शांतता झाली
की वाटलं, मीच बहिरा झालो.
सात वर्षं त्या आवाजावर झोपत होतो.

पाचव्या दिवशी तुळसाबाई पाळीवर चढून आली.
पदराची गाठ सोडली:
एक शिंपला, उघडा, वाळलेला.
"डोह घोट्यावर आला," एवढंच.
मग खाली बसली, पाणी मागितलं.
मी माठातलं दिलं. धरणातलंच.
ती घटाघटा प्याली,
तळाचे दोन घोट उरवले
आणि पायरीच्या फटीतल्या गवताला ओतले.
मुद्दाम की सवयीनं, कोण जाणे.

त्या रात्री मी चाक फिरवलं.
अर्धा आटा.
करंगळीएवढी धार पडली,
दगडानं ओ दिली.

चारला फोन वाजला. रंजू.
"बाबा, नळ लय बारीक येऊन रायला आज.
काई झालं का धरणावर?"
फोनात बादलीतलं पाणी ऐकू येत होतं,
इकडे खाली दुसरं.
करंगळीएवढ्या धारेनं तिचा नळ बारीक होत नाही,
एवढं गणित मला येतं. पाइप फुटला असेल कुठे.
तरी हात चाकावर गेला
आणि तिथेच राहिला,
ती फोन ठेवेपर्यंत, त्यानंतरही.

सहाला गेज वाचला.
गळती: शून्य. तसंच लिहिलं, खरं होतं ते.
गळत काहीच नव्हतं आता.
मग समासात, रेघेबाहेर,
पेन्सिलीनं लिहिलं: सोडलं.
किती, ते लिहिलं. किती वाजता, ते लिहिलं.
खोडरबर टेबलावरच होतं.
खाली सही केली, पूर्ण नावाची,
दशरथ गोमा नान्हे,
आणि पुढे, दरवेळी लिहावं लागतं म्हणून:
रोजंदारी.